जुन्या लॅपटॉपमधलं दूरदर्शन

(दृश्य: गुहागर. वरून दिसणाऱ्या नारळ-पोफळींच्या वाड्या, पलीकडे समुद्र. मग एक कौलारू घर आणि खळ्याच्या कडेला लोखंडी पाइपावर बसवलेली डिश.)

गुहागरात समुद्र पश्चिमेला. पण गावातल्या फ्री डिशची छत्री बघा, तिची पाठ समुद्राकडे आहे. तिचं तोंड आग्नेयेला. विषुववृत्तावर, जमिनीपासून जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाला आपला जीसॅट-१५ उपग्रह आहे. गुहागरातून तो क्षितिजाच्या वर साधारण ५९ अंशांवर येतो. इतक्या उंचावर असल्यामुळे सह्याद्री आड येत नाही. आड येतो तो शेजारचा माड.

प्रसारभारतीने ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू केली. आज ती डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाते. छत्री आणि बॉक्स एकदा घ्यायचा, महिन्याचं भाडं काही नाही. जिथे केबलवाला पोचत नाही आणि मोबाइलची रेंज उंबऱ्याबाहेर सोडून यावी लागते, अशा कोकणातल्या कितीतरी वाड्यांमध्ये सह्याद्री वाहिनी या छत्रीतूनच येते.

कार्यक्रम येतो, पण त्याच्या वेळेला येतो. भातलावणीच्या दिवसांत दुपारचा कार्यक्रम कोण बघणार? संध्याकाळी सुपारी सोलायला बसलेली बाई बातम्यांसाठी उठून आत जाणार का? एखाद्या दिवशी आपल्याच भागातल्या दशावतारावर किंवा नमन-खेळ्यांवर काही लागतं, आणि शेजारून कळतं तेव्हा ते संपलेलं असतं. पुन्हा कधी लागेल याचा भरवसा नाही. म्हणून हा कार्यक्रम घरात धरून ठेवायचा, हव्या त्या वेळी बघायचा आणि तोही इंटरनेटशिवाय. हे जमतं, आणि फार खर्चात न जाता जमतं. ते कसं, हे या फिल्ममध्ये पाहू.

(दृश्य: माळ्यावरून काढलेला जुना लॅपटॉप. फडक्याने पुसणारे हात.)

सुरुवात अशा लॅपटॉपने करा. नवा कॉम्प्युटर विकत घेऊ नका. रेकॉर्डिंगचं काम ऐकायला अवघड वाटतं, प्रत्यक्षात ते हलकं असतं. उपग्रहावरून वाहिनीचा डिजिटल प्रवाह येतो, तो जसाच्या तसा डिस्कवर उतरवायचा, एवढंच. त्यात चित्रावर कसलीही प्रक्रिया होत नाही. दहा वर्षांपूर्वीचा साधा लॅपटॉप ते आरामात करतो. पडदा फुटलेला असला तरी चालेल, दोन-चार बटणं गेलेली असली तरी चालेल. कोकणात लॅपटॉप निवडायला आणखी एक कारण आहे, त्याची बॅटरी. लाइट गेली तरी मशीन धाडकन बंद पडत नाही आणि डिस्कवर चालू असलेलं लिखाण अर्धवट तुटत नाही. फक्त बॅटरी फुगलेली नाही ना, हे आधी पाहून घ्या. फुगलेली असेल तर ती काढायची. मग छोटा यूपीएस लागेल.

दुसरी वस्तू म्हणजे ट्यूनर. उपग्रहाचा डिजिटल सिग्नल पकडणारा, डीव्हीबी-एस२ प्रकारचा, यूएसबीला लागणारा डबा. छत्रीची केबल यात येते. आपल्या तालुक्याच्या दुकानात हा मिळणं कठीण, तो मागवावाच लागतो. घेण्याआधी एकच गोष्ट नीट तपासा, ती म्हणजे तो लिनक्सवर चालतो का. लॅपटॉपवर विंडोजच्या जागी आपण हीच फुकट मिळणारी प्रणाली टाकणार आहोत. एकाच नावाचा डबा आतली चिप बदलून विकला जातो, तेव्हा नाव बघून थांबू नका, आवृत्तीसुद्धा बघा. शिवाय छत्रीच्या टोकाला असलेल्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल गोळा करून केबलमध्ये सोडणाऱ्या डबीला, वीज लागते. १३ किंवा १८ व्होल्ट, आणि ती याच केबलमधून वर जाते. म्हणून बहुतेक ट्यूनरना १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असतो. राउटरसाठी मिळतो तसला छोटा बॅकअप त्यालाही जोडला, की लाइट गेलेली असतानाही रेकॉर्डिंग चालू राहतं. टीव्ही बंद पडतो, पण कार्यक्रम डिस्कवर उतरत असतो.

(दृश्य: पाऊस. पागोळ्या. पडद्यावर चौकोन-चौकोन होत गोठलेलं चित्र.)

आता पैसे कुठे घालायचे, ते सांगतो. छत्रीवर घाला.

फ्री डिशच्या लहरी ११ गिगाहर्ट्झच्या आसपास असतात, म्हणजे लहरीची लांबी पावणेतीन सेंटिमीटर. जोराचा पाऊस अशा लहरी शोषतो, विखुरतो. इथे वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. रिमझिमीत काही होत नाही. काळोखी करून सर आली, की सिग्नल जातो. थेट बघताना माणूस दोन मिनिटं थांबतो आणि विसरतो. रेकॉर्डिंगमध्ये मात्र ती दोन मिनिटं कायमची कोरी राहतात, नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने ती भरून निघत नाहीत.

त्यावर इलाज म्हणजे मोठी छत्री. ६० सेंटिमीटरच्या जागी ९० ची लावली, तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं. तेवढा सिग्नल जास्त गोळा होतो, आणि मधल्या मध्यम सरी निभावून जातात. ढगफुटीसारख्या पावसात तीही हरते, हे धरूनच चाला. पण वर्षभराचा हिशेब केला तर हा फरक फार मोठा आहे.

मोठी छत्री वाराही जास्त धरते. चिऱ्याच्या भिंतीत बोल्ट मारून ती लावू नका. जांभा मऊ असतो, एका पावसाळ्यात बोल्ट ढिला होतो, छत्री एक-दोन अंश फिरते आणि सिग्नल जातो. कौलांवर तर प्रश्नच नाही. खळ्याच्या कडेला खड्डा काढून काँक्रीटमध्ये जस्ताचा मुलामा दिलेला पाइप उभा करा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा दापोली-मंडणगडापर्यंत कौलं उडाली, माड उन्मळले, कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. इथे काहीही उभं करताना तो वारा डोळ्यांसमोर ठेवावा.

आणि खारी हवा! केबल एलएनबीला जिथे जोडली जाते, तिथल्या छोट्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की आतली तार हिरवी पडते. सिग्नल हळूहळू कमी होत जातो आणि कारण समजत नाही. त्या जोडावर रबरी टेप ताणून गुंडाळा. केबल घरात शिरते तिथे तिला खालच्या बाजूला एक झोल द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोलावरून खाली पडेल, आत येणार नाही. दर वर्षी मे महिन्यात, लोक कौलं शाकारतात तेव्हाच, हा जोड एकदा उघडून बघावा.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा. वाहिन्यांची यादी भरत जाते.)

सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. लिनक्सचा डेबियन हा प्रकार टाका आणि त्यावर टीव्हीहेडएंड, म्हणजे वाहिन्या पकडून रेकॉर्ड करणारा आणि घरभर पोचवणारा प्रोग्राम. त्याचा कारभार घरातल्या दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून चालतो. तिथे लॅपटॉपच्या पत्त्यापुढे पोर्ट क्रमांक ९९८१ द्यायचा. सुरुवातीला नेटवर्क, मक्स, सर्व्हिस, चॅनेल हे शब्द गोंधळात टाकतात, पण क्रम समजला की सोपं आहे. नेटवर्क म्हणजे आपला उपग्रह. मक्स म्हणजे त्याच्यावरून येणारा एकेक गठ्ठा, आणि एका गठ्ठ्यात कितीतरी वाहिन्या असतात. स्कॅन केलं की त्या गठ्ठ्यातल्या वाहिन्या सर्व्हिस म्हणून सुट्या होतात. त्यांतल्या आपल्याला हव्या त्या चॅनेल म्हणून ठेवायच्या.

यातून एक सुंदर गोष्ट निघते. ट्यूनर एका वेळी एकच मक्स पकडतो, पण त्या मक्समधल्या सगळ्या वाहिन्या त्याच्या हातात असतात. म्हणजे एकाच ट्यूनरवर, एकाच गठ्ठ्यातल्या दोन वाहिन्या एकाच वेळी रेकॉर्ड होतात आणि तिसरी कुणीतरी बघत असतं. वेगळ्या मक्समधली वाहिनी त्याच वेळी हवी असेल, तरच दुसरा ट्यूनर आणि दोन तोंडांचा एलएनबी लागतो. पहिल्या वर्षी त्याची घाई करू नये.

कार्यक्रमाचं वेळापत्रक उपग्रहावरून येतं, पण पुढच्या आठवड्याचं नेमकं मिळेल अशी आशा ठेवू नका. घड्याळ लावून रेकॉर्ड करा, आणि आधी पाच मिनिटं, नंतर दहा मिनिटं जास्तीची ठेवा. पुनःप्रक्षेपणाची वेळ माहीत असेल तर तीही लावून ठेवा. एकदा पाऊस आला तर दुसऱ्यांदा मिळेल.

साध्या दर्जाच्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला ३ मेगाबिट धरला, तर तासाला १.३५ जीबी होतात. ५०० जीबीच्या डिस्कवर ३७० तास बसतात. आगोटीला आपण सुकी मासळी, कोकम, पापड भरून ठेवतो, तशी ही पावसाळ्याची बेगमी. लॅपटॉप १५ वॅट घेत असेल तर रात्रंदिवस चालवूनही महिन्याला ११ युनिटच्या आत राहतो.

(दृश्य: पडवीत मोबाइल टेकवून सुपारी सोलणारी आजी. आत टीव्हीसमोर मुलं.)

आता बघायचं कसं? घरातल्या वायफायवर. यात इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. रिचार्ज संपला असला, टॉवर बंद असला, तरी राउटर चालू आहे तोवर चालतं. मोबाइलवर व्हीएलसी हे व्हिडिओ दाखवणारं अ‍ॅप टाका, ते हा प्रवाह आहे तसा दाखवतं. टीव्हीवर कोडी नावाचं तसंच अ‍ॅप चालतं. ब्राउझरमध्ये किंवा पोस्टर-चित्रांसह नीटनेटकी मांडणी हवी असेल, तर लॅपटॉपवर टाकायचा जेलीफिन हा प्रोग्राम आहे. मात्र तिथे चित्राचं रूपांतर करावं लागतं आणि मशीनवर खरा भार तेव्हाच येतो. २०११ नंतरच्या बऱ्याच इंटेल प्रोसेसरांमध्ये त्यासाठी वेगळी सोय असते, ती चालू करून घ्या. गणपतीत चाकरमानी आले आणि दहा मोबाइल एकदम लागले, तरी तो सगळा भार ३० मेगाबिटच्या आसपास. बरा राउटर तेवढं सहज पेलतो.

दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. ज्या वाहिन्या सांकेतिक कुलपात येतात, त्या या मार्गाने मिळत नाहीत आणि ते कुलूप फोडायच्या वाटेला जाऊ नये. जे खुलं आहे ते पुष्कळ आहे. आणि रेकॉर्डिंग घरापुरतं ठेवावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला मुभा देतं, तशीच ती प्रामाणिक शिक्षण-संशोधनासाठीही देतं. तेच रेकॉर्डिंग उचलून यूट्यूबवर टाकणं किंवा गावच्या केबलवर दाखवणं त्या मुभेत बसत नाही. कार्यक्रम करणाऱ्यांचा मान राखला, तरच आपल्या भाषेतले कार्यक्रम होत राहतील.

(दृश्य: संध्याकाळ, पूर्वेला विजा. केबल ट्यूनरमधून सोडवणारा हात.)

विजेचं मात्र गांभीर्याने घ्या. मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा परतीच्या पावसात, ऑक्टोबरमध्ये, दुपारनंतर गडगडाट सुरू होतो. छत्रीचा पाइप अर्थिंगला जोडलेला हवा. आणि लांबवर पहिला गडगडाट ऐकू आला की केबल ट्यूनरमधून काढून बाजूला ठेवायची. वीज डोक्यावर आल्यावर केबलला हात लावायचा नाही. त्या दिवशीचा कार्यक्रम गेला तर जाऊ दे. घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना ही केबल दाखवून ठेवा, कारण लॅपटॉप लावणारा माणूस त्या वेळी घरी असेलच असं नाही.

जे रेकॉर्डिंग कायम ठेवायचं आहे, त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर करा. ती डिस्क झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, कपाटात वरच्या फळीवर ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी ती लावून एखादी फाइल चालते का, ते बघा. बाकीचं टीव्हीहेडएंड ठरलेल्या मुदतीनंतर आपोआप पुसतं. ही मुदत प्रत्येक रेकॉर्डिंगला वेगळी देता येते. बातम्यांना आठवडा पुरे. नमनाच्या कार्यक्रमाला 'कायम' असं लावून ठेवा.