‘सावळी, पण…’

मंडळी, नागपुरात बर्डीवरच्या दुकानात क्रीमच्या डबीवर ‘कॉम्प्लेक्शन’ वाचलं की आपल्याला अर्थ विचारावा लागत नाही. गोरेपणा, दुसरं काय! मुळात मात्र या शब्दाला रंग नव्हता. लॅटिनमध्ये तो निघाला ‘एकत्र गुंफणं’ या अर्थाच्या क्रियापदावरून. मध्ययुगीन युरोपातले वैद्य मानत, की उष्ण, थंड, कोरडं, ओलसर या गुणांचं ज्याच्या देहात जसं मिश्रण, तसा त्याचा स्वभाव. त्या मिश्रणाचं नाव कॉम्प्लेक्शन. हे गुण देहातल्या चार द्रवांतून येतात असं ते धरत : रक्त वरचढ तो उल्हासी, पिवळं पित्त वरचढ तो तापट, कफवाला थंड, काळ्या पित्ताचा उदास. आता आतलं मिश्रण दिसणार कसं? म्हणून वैद्य चेहरा बघायचा, लालसर की पिवळट की फिकट. सोळाव्या शतकाच्या सुमारास ही खूणच अर्थ होऊन बसली.

गंमत पुढे आहे. हे वैद्यक युरोपात बरंचसं अरबी ग्रंथांतून गेलं, आणि अरबीत याच कल्पनेला ‘मिजाज’ म्हणतात. तेही मिश्रणच. युनानी हकीम आजही रोग्याचा मिजाज बघतात. तोच शब्द फारसीतून मराठीत आला नि झाला ‘मिजास’! ‘काय मिजास आहे हो याची’ म्हणताना ना हकीम आठवतो ना कफपित्त. नुसता तोरा उरला.

आणि आपलं आयुर्वेद? चरकसंहितेच्या ‘इंद्रियस्थान’ या भागात शरीराचे स्वाभाविक वर्ण दिलेत : कृष्ण, श्याम, श्यामावदात, अवदात. म्हणजे काळ्यापासून गोऱ्यापर्यंत चारही ठीक. बिघाडाच्या रंगांची यादी निराळी, आणि त्या यादीत निळ्या-हिरव्याच्या पंगतीला ‘शुक्ल’, म्हणजे पांढराफटकही बसलाय. पण लगेच छाती फुगवू नका. त्याच संहितेत कफप्रकृतीच्या माणसाला नजरेला सुखावणारं गोरं अंग दिलेलं आहे. रंगावरून माणूस ताडायची खोड कुणा एका मुलखाची नाही. आपल्या नागपुरातही १८८०च्या दशकापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन मारबती, म्हणजे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात. काळी वाईटाची आणि पिवळी रक्षण करणारी, असंच आपण पोरांना सांगतो ना?

२०२० साली ‘फेअर अँड लव्हली’ची ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. ठीक आहे, पाटी बदलली. लग्नाच्या बायोडेटात मात्र वर्णाचा रकाना आहेच, आणि मध्यस्थ मावशी फोनवर सांगतातच, ‘मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस. सावळी आहे, पण स्वभावाने गरीब.’ सावळी म्हटल्याचं मला काही वाटत नाही, विठोबाही सावळाच. तो ‘पण’ खुपतो. रंगावरून स्वभावाचा अंदाज आधीच बांधलेला असल्याशिवाय तो तोंडात येतच नाही. ‘मुलगी गोरी आहे, पण मनमिळाऊ’ असं सांगणारी मावशी कुणाला भेटली असेल, तर आत्ता हात वर करा.