नामदेवांना राग का आला?

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय ‘अमानित्व’, म्हणजे मानाची हाव नसणं, असा छापलाय. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातलं ते प्रकरण घ्यायचंच आहे. पण आधी गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या घरी जाऊन येऊ. तिथं गेल्याशिवाय मला या विषयाला हातच घालता येत नाही.

तेरढोकी, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. संतमंडळी जमलेली. कथा अशी सांगतात की मुक्ताबाईंचं लक्ष मडकी थापटायच्या थापटण्याकडं गेलं. “काका, हे कशाला?” “मडकं कच्चं की पक्कं, ते याच्यानं कळतं.” “मग आम्हालाही बघा की!” चौघा भावंडांतलं शेंडेफळ ते, विचारणारच. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. निवृत्तिनाथ गप्प. ज्ञानदेव गप्प. सोपानदेव गप्प. नामदेवांच्या डोक्यावर बसलं आणि ते उसळले. काका म्हणाले, “हे मडकं कच्चं.”

हसलात ना? मीही लहानपणी कीर्तनात या जागी हसायचो. आता भीती वाटते. कारण हे नामदेव आहेत! ज्यांच्या हातून विठ्ठल जेवला, ते. शिंप्याचं घर, त्यामुळं पैशाचा गर्व नाही, जातीचा तर नाहीच. गर्व कशाचा? आपण देवाचे लाडके, याचा. माझं ठाम मत आहे की सगळ्यांत घातक गर्व हाच. पैशाचा ताठा शेजाऱ्यापाजाऱ्यांना लगेच दिसतो, कुणीतरी टोकतं. भक्तीचा ताठा आला की लोक पाया पडायला लागतात. मग टोकणार कोण?

आता जरा पोटातलं बोलतो. आपल्याकडं सप्ताह असो की व्याख्यान, आधी सत्कार. शाल, श्रीफळ, हार, फोटो, पुन्हा फोटो. एका गावात सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी सत्काराचा क्रम चुकला, म्हणून एक मोठे कीर्तनकार काल्याचं कीर्तन न करता निघाले. मी तिथं होतो. म्हाताऱ्या बायका सकाळपासून उपाशी बसल्या होत्या, काल्याचा प्रसाद घेऊनच जेवायचं म्हणून. त्यांच्याकडं कुणी बघितलंही नाही. शेवटी गावातल्याच एका विणेकऱ्यानं दोन अभंग म्हटले आणि दहीहंडी फोडली. फार सुंदर म्हटले. त्याला नारळ द्यायचं कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि त्याच्याही नाही. ही गोष्ट मी जाईन तिथं सांगतो, कारण ती मला अजून छळते.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं.

तर अमानित्व. गीतेत ज्ञानाची लक्षणं सांगताना भगवंतांनी पहिलं हेच घेतलं, अहिंसा आणि क्षमा त्यानंतर. माऊली त्यावर किती थांबतात, ते घरी वाचा. आपली पूज्यता डोळ्यांना दिसू नये, कीर्ती कानावर येऊ नये, ‘हा अमुक’ अशी लोकांना आठवणसुद्धा राहू नये, ही त्या माणसाची इच्छा. बृहस्पतीएवढं ज्ञान असूनही तो वेडेपणात दडतो, ‘महिमेभेणें’. मोठेपणाच्या भीतीनं! आपल्याला भीती अपमानाची वाटते.

मग नामदेवांचं काय झालं? रागावून ते पंढरीला आले. देवानं समजूत काढली नाही, विसोबा खेचरांकडं औंढ्या नागनाथाला पाठवलं. विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव चिडले, तर विसोबा म्हणाले, “पिंडी नसेल तिथं माझे पाय ठेव.” पाय नेतील तिथं पिंडी. पुढचं तुम्हाला पाठ आहे. पण हे विसोबा कोण होते? आळंदीत ज्ञानदेव-मुक्ताबाई या भावंडांचा छळ करणारे, मांडे भाजायला मुक्ताबाईंना खापर मिळू नये म्हणून कुंभारवाड्यात आडवे जाणारे, आणि पुढं ज्ञानदेवांच्या पाठीवर ते मांडे भाजलेले पाहून त्यांच्या उष्ट्यासाठी धावलेले. गर्व आतून कसा असतो आणि तो सुटतो कसा, दोन्ही त्यांनी भोगलेलं. नामदेवांना गुरू म्हणून देवानं नेमका हाच माणूस दिला.