ओकाला: घोडे, झरे, जंगल आणि एक चुनखडी

मंडळी, या सभागृहात फ्लोरिडा पाहून आलेले किती? बरेच हात आहेत. आणि त्यातले ओकालाला गेलेले? दोन. ओरलँडोपासून गाडीनं जेमतेम दीड तासाचा रस्ता, तरी आपली माणसं तिकडे वळत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलांना तीन दिवस तिथल्या थीम पार्कच्या रांगांत उभं करायचं आणि जमिनीतून उसळणारी अख्खी नदी न दाखवता परत आणायचं!

मी भूगोलाचा शिक्षक. आज मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. ओकालाचे घोडे, झरे आणि जंगल ही तीन वेगवेगळी प्रेक्षणीय स्थळं नाहीत, तिन्हींचा धागा खालच्या चुनखडीशी बांधलेला आहे. ते कसं, हे शेवटी सांगतो.

गावात शिरताना आधी कुंपणं दिसतात. फळ्यांची, मैलोनमैल. आत हिरवी कुरणं, ओकची जुनी झाडं, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारं राखाडी स्पॅनिश मॉस आणि सावलीत शिंगरं. १९५६ साली नीडल्स हा इथला घोडा केंटकी डर्बी ही अमेरिकेतली नामांकित शर्यत जिंकला. फ्लोरिडात जन्मलेल्या घोड्यानं ती जिंकण्याची ती पहिली वेळ. पुढे १९७८ साली तिहेरी मुकुट, म्हणजे केंटकी डर्बीसह तीन मोठ्या शर्यती एकाच वर्षी जिंकणारा अफर्म्ड हा घोडाही ओकालाचाच. घोड्यांवर मी तासभर बोलू शकतो, पण आता नावेत बसू.

सिल्व्हर स्प्रिंग्ज या ओकालाजवळच्या झऱ्यांवर काचेच्या तळाच्या नावा आहेत. ही कल्पना तिथे १८७०च्या दशकापासून आहे. तळातल्या काचेतून खाली पाहिलं की पाणी आहे हेच विसरायला होतं. वाळू उकळल्यासारखी उडत असते, मासे हवेत तरंगल्यासारखे दिसतात. माझ्या शेजारी एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई बसल्या होत्या. सगळे माना खाली घालून बसलेले, या मात्र काठाकडे पाहत होत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "माझे काका इथे नाव चालवायचे. पण आम्हा मुलांना इथे यायला बंदी होती."

मंडळी, त्या काळी सिल्व्हर स्प्रिंग्ज पर्यटक म्हणून फक्त गोऱ्यांना खुलं होतं. नावा हाकणारे अनेक जण मात्र काळे. १९४९ साली त्याच नदीवर, मैलभर खाली, कृष्णवर्णीयांसाठी पॅराडाइज पार्क निघालं. ते १९६९ पर्यंत चाललं. बाई लहानपणी तिथे पोहायच्या. म्हणाल्या, "पाणी तेच होतं. वरून आमच्याकडेच यायचं." आणि मला महाड आठवलं. १९२७, चवदार तळं. इथे बसलेल्यांना त्याहून जास्त सांगायची गरज नाही. त्या बाईंशी बोलताना फेरी संपली. त्या दिवशी मी मासे फारसे पाहिलेच नाहीत.

जाता जाता माकडांचं सांगतो, कारण मुलं नेहमी विचारतात. हो, तिथे लाल तोंडाची माकडं आहेत, मूळची आपल्याकडच्या जातीची! १९३०च्या दशकात एका नाववाल्यानं पर्यटकांसाठी ती नदीतल्या बेटावर सोडली. ही जात पट्टीची पोहणारी, हे त्याला ठाऊक नव्हतं. ती लगेच काठाला लागली. आजही त्या रानात आहेत.

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं. बरं, मूळ मुद्दा.

आपण बेसॉल्टवरची, म्हणजे काळ्या कातळावरची माणसं. आपल्याकडे पाणी खडकाच्या भेगांत साठतं, म्हणून सह्याद्रीतले कितीतरी झरे मेपर्यंत आटतात. ओकालाखाली चुनखडी आहे. पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी ती विरघळवतं आणि आत पोकळ्या, बोगदे होतात. ओकाला राष्ट्रीय वन १९०८ पासून राखीव आहे. तिथली जमीन वाळूची, पाऊस सरळ आत मुरतो. मुरलेलं पाणी जुनिपर, अलेक्झांडर अशा झऱ्यांतून वर येतं, बाराही महिने सुमारे २२ अंश. त्याच चुनखडीमुळे कुरणांत कॅल्शियम येतं आणि घोड्यांची हाडं मजबूत होतात, असं घोडेवाले सांगतात.

पण वाळू पावसाला जशी अडवत नाही तशी लिदीलाही अडवत नाही. एक घोडा दिवसाला वीस-बावीस किलो लीद टाकतो. त्यात खतं आली, घरांच्या सेप्टिक टाक्या आल्या. सगळ्यांचं नायट्रेट झऱ्यात उतरतं, शेवाळ माजतं आणि तळाच्या गवतावर चढतं. झऱ्यांसाठी फ्लोरिडानं लिटरला ०.३५ मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली आहे, सिल्व्हर स्प्रिंग्ज तिच्या कितीतरी वर आहे. म्हणून कुरणातली लीद कुठे जाते, हा झऱ्याचाच प्रश्न आहे.

उपायांबद्दल बोलायचं होतं, ते चहाच्या वेळी विचारा. जाणार असाल तर जानेवारीत जा आणि पहाटे पोहोचा. बाहेर कडाक्याची थंडी असेल तर पाण्यावर वाफ धरलेली असते. आधी नाव, मग जंगल, कुरणं परतीच्या वाटेवर.