लोंगगांग: शेतकऱ्यांनी गाठीच्या पैशानं बांधलेलं शहर

[आओ नदीचं मुख, दक्षिण काठ. वरून घेतलेलं दृश्य.]

चीनच्या पूर्व किनाऱ्यावर, झेजियांग प्रांताच्या दक्षिण टोकाला, वेन्झोउ या मोठ्या शहराच्या हद्दीत लोंगगांग आहे. 2020च्या जनगणनेत इथली वस्ती 4 लाख 64 हजारांच्या वर भरली. 1984 साली या काठावर कोळ्यांच्या पाच वाड्या होत्या. रस्ता खड्ड्यांचा, दिवे मिणमिणते, पाणी गढूळ.

नदीपलीकडे दिसतं ते आओज्यांग, जुनं बंदर. 1981 साली पिंगयांग काउंटीचे (काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका) दोन भाग झाले आणि दक्षिणेकडचा भाग त्सांगनान नावानं वेगळा निघाला. बंदर मात्र पलीकडे, पिंगयांगकडेच राहिलं. त्सांगनानला माल चढवा-उतरवायला स्वतःचा धक्का हवा होता, म्हणून 1983च्या अखेरीस इथे नगर वसवायची मंजुरी आली. मंजुरीबरोबर शहर बांधण्याइतका पैसा काही आला नाही.

[डोंगरउतार, लहान लहान शेतं.]

पैसा होता आजूबाजूच्या गावांत. इथे डोंगर फार आणि शेतजमीन थोडी. माणशी जेमतेम अर्धा मू, म्हणजे आपले सव्वातीन गुंठे. एवढ्यावर घर चालत नाही, म्हणून 1970च्या दशकाच्या शेवटापासून गावंच्या गावं धंद्यात उतरली होती. यीशानमध्ये कापड गिरण्यांच्या चिंध्या पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढायचे. जिनशियांगमध्ये बिल्ले, लेबलं, खानावळीची कुपनं बनायची. छ्यानखूमध्ये घाऊक बाजार भरायचा. या लोकांकडे रोकड होती, पण शहरात राहायचा हक्क नव्हता.

तो हक्क अडला होता 1958च्या हुकोउ कायद्यात. हुकोउ म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंद. नोंद शेतकी असेल तर शहरात सरकारी भावाचं धान्य नाही, घर नाही, मुलाला शाळेत जागा मिळण्याची खात्री नाही. 1984 साली केंद्र सरकारनं दार थोडं किलकिलं केलं. नगरात स्वतःचं घर असेल, धंदा किंवा कायमचं काम असेल आणि धान्याची सोय स्वतः करणार असाल, तर छोट्या नगरात नोंद मिळेल. काउंटीची मुख्य ठाणी यातून वगळलेली होती, मोठी शहरं तर दूरच. लोंगगांग मात्र या अटीत बसत होतं.

[जुन्या रस्त्यावरची घरांची रांग. कॅमेरा सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे.]

नगराचे पहिले पक्षसचिव, म्हणजे तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख, चेन दिंगमो आधी छ्यानखूचे पक्षसचिव होते. कोणाच्या हाती पैसा आहे आणि कोणाला घर हवं आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नगरानं वर्तमानपत्रातून उघड आवाहन केलं. कुठूनही या, जो पैसा घालेल त्याला फायदा, जो खर्च करेल त्याचं घर.

अडचण कायद्याची होती. 1982च्या राज्यघटनेनं जमिनीची खरेदी-विक्री आणि भाडेपट्टा दोन्हींना मनाई केली होती. वापराचा हक्क हस्तांतरित करायची मुभा घटनेत आली ती एप्रिल 1988मध्ये. शेन्झेनमधला गाजलेला पहिला जाहीर लिलावसुद्धा 1 डिसेंबर 1987चा. लोंगगांगनं त्याच्या तीन वर्षं आधी दुसरी वाट काढली. जमिनीची किंमत घ्यायचीच नाही, ‘सार्वजनिक सुविधा शुल्क’ घ्यायचं.

त्याची रीत अशी. आधी नकाशावर रस्ते आखले. रस्त्याकडेच्या जमिनीचे एकसारखे पट्टे पाडले, रुंदी साडेतीन मीटर, खोली बारा मीटर. म्हणजे दर्शनी बाजू साडेअकरा फूट आणि आत चाळीस फूट, एकूण 42 चौरस मीटर. मग पट्ट्यांना प्रती, म्हणजे दर्जे, लावले. बाजाराच्या हमरस्त्यावरचा पट्टा महाग, काही हजार युआन. मागच्या गल्लीतला काही शे युआनांत. प्रत ठरायची ती जागेवर दुकान किती चालेल यावरून, मातीवरून नव्हे. जमलेल्या पैशातून गावांना जमिनीचा मोबदला द्यायचा आणि रस्ते, नळ, गटारं, शाळा उभ्या करायच्या. पैसे आधी आले आणि रस्ता मागून झाला. हा क्रम उलटा असता तर यातला एकही रस्ता झाला नसता.

[एका घराचं दार. आतला जिना.]

साडेतीन मीटर रुंदीमागे सरळ हिशेब आहे. त्या काळी चीनभर घरांचे मजले कारखान्यात ओतलेल्या पोकळ काँक्रीट फळ्यांचे असत. एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर टाकायला एवढं अंतर सोयीचं, मध्ये तुळई लागत नाही. दुसरं कारण दुकानाचं. दर्शनी भाग जितका अरुंद, तितकी जास्त घरं हमरस्त्याला लागतात.

शेजारच्या दोन घरांत भिंत एकच. ती दोघांच्या फळ्यांचा भार घेते, म्हणून रांगेतली घरं एकदमच उभी करणं सोयीचं पडतं. तळमजल्यावर दुकान किंवा यंत्र, वर माल, त्याच्या वर घर. उंची चार-पाच मजले, जिना एकच. उजेड पुढून आणि मागून, मधली खोली दिवसाही अंधारी.

खालची जमीन नदीमुखाचा मऊ गाळ. पाया उथळ राहिला तर घर खचतं, आणि रांगेतली सगळी घरं सारखी खचत नाहीत. एका टोकाला मजले जास्त चढवले की तडा पडतो तो शेजारच्याच्या भिंतीला. आता असं एकच घर पाडून नवं बांधायचं म्हटलं, तरी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची संमती लागते. एवढं सगळं असूनही या रांगांकडे बघताना एक गोष्ट विसरता येत नाही. यातली जवळजवळ प्रत्येक वीट कुणा ना कुणा कुटुंबाच्या गाठीच्या पैशाची आहे.

[छपाईची यंत्रं. कागदाचे ताव, शाईचे रूळ, डाय-कटिंग.]

घरं झाली आणि तळमजल्यावर छपाई आली. जिनशियांगच्या लेबलांचाच हा पुढचा टप्पा. एका खोक्याचं काम इथे अनेक दारांत वाटलेलं असतं. एका ठिकाणी प्लेट, दुसऱ्या ठिकाणी ऑफसेट छपाई. तिथून ताव लॅमिनेशनला, म्हणजे वर पातळ फिल्म चढवायला, मग सोनेरी फॉइलला, मग डाय-कटिंगला, म्हणजे धारदार साच्यानं खोक्याचा आकार कापायला, शेवटी घडी आणि चिकटवणं. प्रत्येकाकडे एकच यंत्र, त्यामुळे भांडवल कमी लागतं आणि यंत्र रिकामं राहत नाही.

बिघडतं ते दोन टप्प्यांच्या मध्ये. इथली हवा दमट. ताव उघडा राहिला की ओल धरतो, फुगतो, आणि पुढच्या यंत्रावर रंगाशी रंग जुळत नाही. ऑफसेटची शाई पुरती वाळायच्या आत फिल्म चढवली तर काही दिवसांत बुडबुडे येतात. डायची धार एका कडेला बोथट असेल तर खोकं घडीवर फाटतं, आणि ते कळतं चिकटवणाऱ्याकडे, म्हणजे सगळा खर्च होऊन गेल्यावर. म्हणून एक टप्पा दुसऱ्याच्या हाकेच्या अंतरावर असणं गरजेचं. साडेतीन मीटरच्या घरांनी ती सोय आपोआप करून दिली.

[नदीचं पाणी, कालव्याचा काठ.]

खाली द्रावकं, मध्ये कागद, वर झोपलेलं कुटुंब आणि जिना एकच, यातून आगीचा धोका आला. कालवे काळे पडले, आओ नदीत वरच्या बाजूच्या चामडे उद्योगाचं पाणी आलं, आणि ज्या गावांची शेतं गेली त्यांतल्या सगळ्यांना दुकान मिळालं नाही.

[सरकारी इमारत, मग नागरिक सेवा केंद्राची खिडकी.]

लोकवस्ती लाखांवर गेली तरी कागदावर लोंगगांग ‘नगर’च होतं, काउंटीच्या हाताखालचं. परवाना, बांधकाम नकाशा, मोठा खर्च, सगळ्यासाठी काउंटीच्या ठाण्याला, लिंगशीला जायचं. चीनमध्ये याला लहान घोड्याला मोठी गाडी जुंपणं म्हणतात. 1995 साली नगर सुधारणेच्या राष्ट्रीय प्रयोगात नाव आलं, 2014च्या अखेरीस नव्या शहरीकरणाच्या राष्ट्रीय चाचणीत पुन्हा आलं. दोन्ही वेळा काही अधिकार खाली आले, पण दर्जा बदलला नाही.

तो बदलला 2019मध्ये. ऑगस्टमध्ये मंजुरी मिळाली, 25 सप्टेंबरला कारभार सुरू झाला. नगरातून थेट काउंटीच्या दर्जाचं शहर झालेलं हे देशातलं पहिलं. क्षेत्र सुमारे 184 चौरस किलोमीटर. इतर शहरांत असतात तशी उपनगर कार्यालयं इथे ठेवलीच नाहीत. शहराखाली थेट 102 वस्ती-समित्या आहेत. पक्ष आणि सरकार मिळून विभाग फक्त 15.

विभाग कमी केले म्हणून काम कमी होत नाही. लोंगगांगच्या वर असलेल्या वेन्झोउमध्ये खाती पूर्वीइतकीच आहेत, आणि लोंगगांगच्या एका विभागाला त्यातल्या अनेक खात्यांना उत्तरं द्यावी लागतात. बैठका वेगळ्या, अहवालांचे नमुने वेगळे, मुदती वेगळ्या. खिडकीवरचा माणूस नागरिकाचं काम थांबवून वरच्या खात्यांचे तक्ते भरत बसू नये, यासाठी वेन्झोउनं लोंगगांगपुरता अहवालाचा एकच नमुना करायला हवा, आणि दहा खात्यांच्या दहा बैठकांऐवजी एक घ्यायला हवी. ज्यांनी रस्त्याच्या आधी रस्त्याचे पैसे भरले, त्यांना आपलं काम आपल्याच शहरात पुरं होईल एवढी अपेक्षा करायचा हक्क आहे.