आडात नाही तर पोहऱ्यात कुठून? दीर्घिकांमधली तारानिर्मिती थांबते ती कशी

आधी एक भागाकार करू. आपल्या आकाशगंगेत दर वर्षी साधारण २ सूर्यांच्या वस्तुमानाएवढे नवे तारे घडतात. ज्यातून ते थेट घडतात तो थंड, रेणुरूप हायड्रोजन आकाशगंगेत आहे सुमारे १०० कोटी सूर्यांएवढा. म्हणजे ५० कोटी वर्षांत तिजोरी रिकामी व्हायला हवी. पण आकाशगंगेच्या चपट्या तबकडीत तारे घडताहेत ८००-१००० कोटी वर्षांपासून. याचा अर्थ उघड आहे: खर्च चालू आहे तसा भरणाही चालू आहे. थोडा वायू म्हाताऱ्या ताऱ्यांकडून परत मिळतो, पण मुख्य भरणा दीर्घिकेभोवतीच्या विरळ आवरणातून थंड होत खाली उतरणाऱ्या वायूचा.

दीर्घिकेभोवतालचा परिसर हा व्यवहार दोन तऱ्हांनी बुडवतो. एक, हातातली शिल्लक लुटून. दोन, भरणा तोडून. पहिल्या प्रकाराची छायाचित्रं फार देखणी येतात, म्हणून व्याख्यानांत आणि बातम्यांत तोच मिरवतो. माझ्या मते जास्त दीर्घिका दुसऱ्या प्रकाराने गप्प होतात. का, ते पुढे येईलच.

परिसराचा संबंध आहे हे मात्र जुनंच निरीक्षण. खगोलशास्त्रज्ञ ॲलन ड्रेसलर यांनी १९८० साली दीर्घिकांच्या ५५ समूहांमधल्या सुमारे ६००० दीर्घिकांचे आकार तपासले. दीर्घिकांची दाटी जितकी जास्त, तितक्या सर्पिल दीर्घिका कमी आणि लंबवर्तुळाकार व भिंगाकार दीर्घिका जास्त, असा सरळ चढता क्रम त्यांना मिळाला.

आता लुटीकडे वळू. समूहातल्या दीर्घिकांमधली जागा रिकामी नसते. तिथे १ ते १० कोटी अंश तापमानाचा वायू भरलेला असतो आणि तो क्ष-किरणांत दिसतो. तो इतका विरळ असतो की १ लिटरमध्ये जेमतेम एखादा कण सापडेल. पण दीर्घिका त्यातून सेकंदाला १००० किलोमीटर वेगाने जात असते. हवा स्तब्ध असली तरी दुचाकीवर तोंडावर वारा येतो, तसा हा वारा. त्याचा परिणाम मात्र खळ्यावरच्या उफणणीसारखा होतो: दाणा खाली राहतो, भुसा उडतो. तारे म्हणजे दाणे. त्यांना वाऱ्याची दखलही नसते. वायू म्हणजे भुसा.

किती वारा पुरे? हा हिशेब जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी १९७२ साली मांडला. वाऱ्याचा दाब म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग. वर दिलेले आकडे घातले तर तो येतो सुमारे १.७ गुणिले दहाचा उणे बारावा घात पास्कल. उलट बाजूला तबकडीची पकड: २ पाय गुणिले गुरुत्वस्थिरांक गुणिले ताऱ्यांची पृष्ठघनता गुणिले वायूची पृष्ठघनता. तबकडीच्या मधल्या पट्ट्यात दर चौरस पार्सेकला (१ पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं) १०० सूर्यांएवढे तारे आणि १० सूर्यांएवढा वायू धरा. पकड येते १.८ गुणिले तोच घात. म्हणजे सामना बरोबरीचा. आता बाहेर सरका: तारे २०, वायू ५. पकड दहापटीने घटली, वायू गेला. आत या: तारे ५००, वायू २०. पकड दहापट, वायू शाबूत. म्हणून वायू नेहमी काठाकडून सोलला जातो आणि मध्यभागी छोटी थाळी उरते. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, हेही विसरू नका. समूहाच्या केंद्राजवळून जाताना वेग आणि घनता दोन्ही वाढतात, त्यामुळे खरी लूट काही दहा कोटी वर्षांत उरकते.

कन्या समूहातली एनजीसी ४५२२ ही दीर्घिका या सूत्राची परीक्षा घेते. केंद्रापासून सुमारे १०,००० प्रकाशवर्षांपर्यंतच तबकडीत हायड्रोजन उरलाय, आणि एकूण हायड्रोजनपैकी ४० टक्के तबकडीच्या बाहेर एका बाजूला लोंबतोय. ताऱ्यांची तबकडी मात्र जशीच्या तशी आहे. म्हणजे शेजारणीच्या ओढाताणीचं हे काम नव्हे, कारण गुरुत्वाकर्षणाने तारेही विस्कटले असते. अडचण अशी की ही दीर्घिका समूहाच्या केंद्रातल्या एम ८७ या दीर्घिकेपासून बरीच दूर आहे आणि तिथल्या घनतेने, नेहमीच्या वेगाने दाब काढला तर तो दहापटीने कमी पडतो. सूत्र चुकलंय असं समजण्याची घाई करू नये. आपण गृहीत धरलं होतं की समूहातला वायू जागच्या जागी थांबलाय. एम ४९ या दुसऱ्या मोठ्या दीर्घिकेभोवतीचा उपसमूह कन्या समूहात शिरतोय, त्यामुळे तिथला वायू स्वतःच वाहत असावा, हे स्पष्टीकरण मला पटतं. समोरून वारा आणि त्यात आपण गाडी पळवतोय, असा प्रकार.

आता भरण्याकडे. दीर्घिका समूहात किंवा छोट्या गटात शिरली की तिच्याभोवतीचं विरळ आवरण तबकडीच्या कितीतरी आधी निघून जातं, कारण त्यावर पकडच ढिली असते. तबकडीतला वायू तसाच असतो, तारेही घडत राहतात. फक्त आडातलं पाणी आटलेलं असतं, पोहऱ्यात आहे तेवढ्यावर दिवस काढायचे. लार्सन, टिन्स्ली आणि कॉल्डवेल यांनी १९८० साली ही कल्पना मांडली.

लूट की उपासमार, हे मेलेल्या दीर्घिकेकडे पाहून कळतं का? कळतं. चुलीवरच्या आमटीचं उदाहरण घ्या. भांडं उपडं केलं तर तळाशी राहिलेल्या आमटीची चव पूर्वीचीच असेल. पण पाणी घालणं थांबवून आच चालू ठेवली तर आमटी आटते आणि खारट होते. दीर्घिकेत मीठ म्हणजे ताऱ्यांनी बनवलेली जड मूलद्रव्यं आणि पाणी म्हणजे बाहेरून येणारा जवळजवळ निर्भेळ हायड्रोजन. पेंग, मायोलिनो आणि कॉक्रेन यांनी २०१५ मध्ये हजारो दीर्घिकांचे वर्णपट ताडून पाहिले. सारख्या वस्तुमानाच्या दोन दीर्घिकांत, शांत झालेलीचे तारे जड मूलद्रव्यांत जास्त समृद्ध निघाले. आमटी खारट होती. आटायला लागलेला काळ त्यांनी सुमारे ४०० कोटी वर्षं काढला. माझं मत या निष्कर्षावर उभं आहे. मात्र हा सरासरीचा निकाल आहे. सर्वांत जड दीर्घिकांना तो तितकासा लागू पडत नाही, त्यांचं बिनसतं ते बहुधा आतूनच.

समूहात शिरल्यावर २०० ते ४०० कोटी वर्षं काहीच न झाल्यासारखं चालतं आणि मग १०० कोटींच्या आत सगळं बंद पडतं, असाही निष्कर्ष आहे. म्हणजे बहुतेकदा उपासमार आधी आणि वाऱ्याचा शेवटचा धक्का नंतर. बटू दीर्घिकांना मात्र हा अवधी मिळत नाही. आकाशगंगेपासून साधारण ९ लाख प्रकाशवर्षांच्या आतल्या जवळपास सगळ्या बटू दीर्घिका वायूविना कोरड्या आहेत. मॅगेलनचे दोन मेघ तेवढे अपवाद.

मोजमापात फसायच्या जागा सांगतो. हायड्रोजनची तूट काढताना तेवढ्याच व्यासाच्या, त्याच प्रकारच्या एकट्या दीर्घिकेशी तुलना करतात, ती लॉगमध्ये, म्हणजे दहाच्या घातांकात. तूट ०.३ म्हणजे निम्मा वायू गेला, १ म्हणजे दहावा हिस्सा उरला. हायड्रोजनची २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेडिओ रेषा आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर उत्तम दिसते, पण तिथे सर्वांत जवळच्या दोन अँटेनांमधलं अंतर सुमारे १०० मीटर असल्यामुळे या तरंगलांबीला साधारण ७ कलांहून (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) पसरट रचना निसटतात. कन्या समूहाच्या अंतरावर ७ कला म्हणजे सुमारे १.१ लाख प्रकाशवर्षं. तेव्हा शेपटी दिसली नाही म्हणून ती नाहीच असं लिहू नये. एकाच मोठ्या तबकडीच्या दुर्बिणीने एकूण वायू मोजून दोन्ही आकडे ताडावेत.

तारानिर्मिती कधी थांबली हे दोन घड्याळांवरून कळतं. एच-अल्फा रेषा, म्हणजे तापलेल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश, गेल्या १ कोटी वर्षांचं सांगते, अतिनील प्रकाश गेल्या १० कोटींचं. अतिनील शिल्लक आणि एच-अल्फा गायब, म्हणजे दुकान नुकतंच बंद झालंय.

पण तिमिंगल तारकासमूहातल्या अबेल ८५ या समूहातली जेओ २०१ ही दीर्घिका पाहा. समूहाच्या तुलनेत सेकंदाला ३३०० किलोमीटरहून जास्त वेगाने पडणारी ही, मागे वायूच्या शेपट्या, शेपट्यांतही नवे तारे. भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीने तिच्याकडे पाहिलं तेव्हा मध्यभागी सुमारे २८,००० प्रकाशवर्षं रुंदीची जागा तरुण ताऱ्यांविना आढळली. आपल्या सूत्राप्रमाणे वायू तिथेच सर्वांत घट्ट धरलेला असतो. तिथे एच-अल्फा मात्र भरपूर आहे, पण तो ताऱ्यांचा नव्हे, केंद्रातल्या सक्रिय कृष्णविवराने तापवलेल्या वायूचा. वाऱ्याने थोडा वायू आत ढकलला, त्यावर कृष्णविवर पोसलं गेलं आणि त्याने उरलेल्या वायूला थंड होऊ दिलं नाही, असा एक तर्क आहे.