रविवारी चारचा चहा

(दृश्य : पेठेतली जुनी इमारत. अरुंद जिना, कठड्यावरून सावकाश सरकणारा एक हात.)

तीन मजले, लिफ्ट नाही. पुण्याच्या पेठांमध्ये अशा इमारती अजून पुष्कळ आहेत आणि त्यांच्या वरच्या मजल्यांवर महिनोन्महिने खाली न उतरलेली माणसं राहतात. बागेतला कट्टा, हास्यक्लब, ज्येष्ठ नागरिक संघ ही सगळी चालत येऊ शकणाऱ्यांची सोय. गुडघे, डोळे किंवा लघवी, यांपैकी एकानं दगा दिला की माणूस तिथून गळतो.

अशांना महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी चहाला न्यायचं. ब्रिटनमध्ये एक संस्था १९६५पासून हेच करते. आज तिचं नाव री-एंगेज. रविवारची दुपार, पंचाहत्तरीपुढचे पाहुणे, ने-आण करायला स्वयंसेवकाची गाडी. ही पद्धत आपल्याकडे सहज चालते. फक्त जिने आणि संडास आपले आहेत, आणि गाडं अडतं ते तिथंच.

पाहुणे सहा ते आठ. दहाच्या वर गेले की गप्पा थांबतात आणि सभा सुरू होते. प्रत्येक यजमानाची पाळी वर्षातून दोनदा, म्हणजे सहा घरं हवीत. ती जमण्याआधी घाई केली तर सगळा भार एकाच घरावर येतो आणि ते घर लवकरच अंग काढून घेतं.

(दृश्य : औषधांचं दुकान. काउंटरवर पिशवी, आत महिन्याच्या गोळ्या.)

एकटी माणसं व्हॉट्सॲपवरच्या आवाहनानं सापडत नाहीत. ती ठाऊक असतात औषधाच्या दुकानदाराला, डबा देणाऱ्याला, पोळ्यांच्या मावशींना, सोसायटीच्या वॉचमनला. पहिल्या भेटीला दोघांनी जावं, ओळखीच्या शेजाऱ्याला बरोबर घेऊन, आणि अर्ध्या तासात निघावं. फसवणुकीच्या बातम्या रोज वाचणारी ही माणसं अनोळखी पाहुणचाराला बिचकतात, ते बरोबरच आहे. त्यामुळे पैसे, फ्लॅट, मृत्युपत्र हे विषय वर्ज्य. विमा किंवा औषधं विकणारा स्वयंसेवक लगेच बाहेर. बैठकीचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत; कोण एकटं राहतं, हे सगळ्या गावाला कळण्याचं कारण नाही.

“नको हो, तुम्हाला कशाला त्रास,” हे पहिलं उत्तर जवळजवळ ठरलेलं. त्याला नकार समजू नये. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारावं, आणि या वेळी तीन गोष्टी आपणहून सांगाव्यात : पायऱ्या किती, आणायला कोण येणार, आणि तिथं कमोड आहे का. तिसरी गोष्ट विचारायला माणसं लाजतात. लघवी वाढवणारी गोळी चालू असलेले काही जण बाहेर जायच्या दिवशी ती गुपचूप टाळतात. कमोड आहे, खोलीपासून दहा पावलांवर आहे, हे आधी कळलं की तशी वेळ येत नाही.

(दृश्य : यजमानांचं घर. पायपुसणं उचलून बाजूला ठेवलं जातं.)

यजमान निवडायचा तो पाहुण्यांकडे बघून. घर तळमजल्यावर हवं, नाहीतर लिफ्ट चालू हवी. रविवारी लिफ्टची दुरुस्ती तर काढलेली नाही ना, हे सोसायटीत विचारून ठेवावं.

मग दार. आपल्याकडे चपला बाहेर काढतात, आणि एका पायावर उभं राहून पट्टा सोडवताना तोल जातो. दाराशी हात असलेली एक खुर्ची ठेवली की हा धोका टळतो. ज्यांना डॉक्टरांनी बूट सांगितलेत, त्यांना ते घालूनच आत येऊ द्यावं. फरशी मागून पुसावी लागली तर लागली.

सोफा दिसायला चांगला, पण खोल आणि खाली. त्यात बसलेल्या माणसाला उठताना दोघांनी ओढावं लागतं, आणि ती शरम पुढच्या महिन्याची बैठक चुकवायला पुरते. बैठकीची उंची पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास, दोन्ही बाजूंना हात, अशा खुर्च्या हव्यात. प्लॅस्टिकच्या चालतील, पण गुळगुळीत टाइल्सवर त्या उठताना मागे सरकतात. पाठ भिंतीला टेकवून ठेवाव्यात. संडासाची फरशी प्रत्येक वापरानंतर कोरडी करायची, आतून कडी न लावता दार नुसतं लोटून घ्यायला सांगायचं.

(दृश्य : गाडीचं पुढचं दार उघडं. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी.)

रिक्षात चढायला पाय उचलावा लागतो, उंच गाडीत त्याहून जास्त. साधी सेडान बरी. पुढची सीट पूर्ण मागे घ्यायची, वर एक प्लॅस्टिकची पिशवी अंथरायची. आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे. पिशवीमुळे अंग सहज वळतं. गाडी निघण्याआधी पिशवी काढून घ्यायची, नाहीतर ब्रेक लागला की माणूस पुढे घसरतो. दर वेळी न्यायला शक्यतो तोच स्वयंसेवक यावा. ओळख व्हायला सुरुवात गाडीतच होते.

वेळ चार ते सहा. त्याआधी वामकुक्षी असते, आणि अंधार पडल्यावर पायरी नीट दिसत नाही.

खाण्यात यजमानांची चढाओढ लागते, म्हणून नियम सुरुवातीलाच ठरवावा : एक तिखट, एक गोड, चहा. मऊ उपमा, इडली, पिकलेलं केळं. पोहे केले तर ओलसर हवेत आणि शेंगदाणे नकोत. चकली कवळीवाल्यांच्या कामाची नाही. बिनसाखरेचा चहा वेगळ्या रंगाच्या थर्मासमध्ये ठेवावा. कप अर्धाच भरावा, आणि हात थरथरत असेल तर मोठ्या कानाचा मग द्यावा. रविवारी संकष्टी किंवा एकादशी येते का, हे कॅलेंडरवर पाहून घ्यावं, नाहीतर अर्धे पाहुणे नुसत्या चहावर बसतात.

(दृश्य : चार-चार खुर्च्यांची दोन कोंडाळी.)

आठ जणांच्या गोलात कमी ऐकू येणारा माणूस पहिल्या दहा मिनिटांत गप्प होतो. चार-चारची दोन कोंडाळी करावीत. टीव्ही बंद, मिक्सर बंद, पंखा हळू. बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी असेल तर त्याचा चेहरा काळोखात जातो, ओठ दिसत नाहीत. म्हणून यजमानांनी खिडकीकडे तोंड करून बसावं.

सरसकट ‘आजी-आजोबा’ करू नये. निवृत्त मुख्याध्यापिकेला ‘बाई’च म्हणावं, किंवा काय म्हणू ते विचारावं. “मुलं कुठं असतात?” हा प्रश्न टाळलेला बरा. माहेर कुठलं, नोकरी कुठं होती, पहिला पगार किती, यांवर तास निघतो. शाल-श्रीफळ, व्याख्यान, निवेदक असलं काही आणू नये. ते आपल्या हौसेसाठी असतं.

कुणी पडलं तर लगेच उचलायचं नाही. कुठं दुखतंय ते विचारायचं, मांडी किंवा कंबर दुखत असेल तर हलवायचं नाही आणि १०८ला फोन करायचा.

घरी सोडताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या बैठकीच्या रविवारभोवती जाड गोल करून द्यायचा, आणि आदल्या संध्याकाळी फोन. ठरलेला पाहुणा दार उघडत नसेल तर तिथूनच फोन लावायचा, मग शेजाऱ्यांची बेल वाजवायची. लागोपाठ दोनदा कुणी आलं नाही, तर कारण दर वेळी तब्येतच असतं असं नाही. जिन्यात बसलेला धसका असतो, किंवा ऐकू न आलेल्या गप्पा. अशा वेळी फोनवर आग्रह करून उपयोग नाही. घरी जाऊन विचारायचं, आणि पुढची बैठक त्यांच्याच इमारतीत खाली कुणाकडे भरवता येते का ते बघायचं.