राणी रंगाचा पट्टा

शिलाई मशीनच्या दाबपट्टीखालून सरकणारे हे कापड टू बाय टू रुबिया, म्हणजे साडीवरच्या ब्लाउजसाठी घेतात ते, आहे. ठाणे स्टेशनजवळच्या एका मॅचिंग सेंटरमधून ते सात रंगांत, प्रत्येकी दीड मीटर, आणलेले आहे. दुकानदाराने सवयीने विचारले होते, “साडी आणली आहे का?”

मशीनवर बसलेल्या आणि पलीकडे खडूने पट्ट्या आखून देणाऱ्या या दोन बाई चौदा वर्षांपासून नौपाड्यातील या दोन खोल्यांत एकत्र संसार करीत आहेत. चेहरे दाखवायचे नाहीत, एवढी एकच अट त्यांनी घातली. त्यामुळे या माहितीपटात आपण हात पाहणार आहोत, आणि या गोष्टीत बरेचसे काम हातांचेच आहे.

रविवारी नवी मुंबईत होणाऱ्या एका छोट्या प्राइड मेळाव्यासाठी, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर अशा लोकांच्या अभिमान-मेळाव्यासाठी, इंद्रधनुषी झेंडा शिवण्याचे त्यांनी अंगावर घेतले आहे. तयार झेंडे ऑनलाइन मिळतात, पण ते चकचकीत पॉलिस्टरचे असतात आणि त्यांच्या कडा पहिल्याच वाऱ्यात उसवतात, असे मशीनवरील बाईंचे व्यावसायिक मत आहे. कापड आदल्या रात्री भिजवून त्याची खळ काढलेली आहे. तांबडा रंग जातो, म्हणून त्याला वेगळी बादली मिळाली. छत्तीस इंची पन्ह्यातून सात इंचांची पट्टी कापली जाते, दोन्ही कडांचा अर्धा-अर्धा इंच शिवणीत जातो आणि सहा इंच उरतात. ब्लाउजची शिवण आतल्या बाजूला लपते. झेंड्याला मात्र आतली बाजूच नसते. म्हणून एका पट्टीची कड निम्मी छाटून, दुसरीची कड तिच्यावर दुमडून, वरून दुसरी टीप घालावी लागते. सात पट्ट्यांच्या मध्ये अशा सहा शिवणी आहेत, आणि दुपार त्यातच गेली.

खालून मोजले, तर जांभळा, चिंतामणी, हिरवा, हळदी, शेंदरी आणि तांबडा हे सहा रंग जगभर दिसणाऱ्या झेंड्याचेच आहेत. सर्वांत वरचा सातवा पट्टा राणी रंगाचा आहे आणि तो चुकून लागलेला नाही. १९७८ च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कलाकार गिल्बर्ट बेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाताने कापड रंगवून पहिला झेंडा केला, तेव्हा त्यावर आठ पट्टे होते आणि सर्वांत वर हाच झगझगीत गुलाबी होता. पुढे मागणी वाढली, झेंडे कारखान्यात शिवायची वेळ आली, आणि त्या रंगाचे पुरेसे कापड मिळेना, म्हणून तो पट्टा गळला. त्यानंतर पट्ट्यांची संख्या सम राहावी म्हणून निळसर हिरवाही वगळला गेला. तिथे जे कापड मिळाले नाही, त्याचे तागेच्या तागे ठाण्यातल्या त्या दुकानात बारा महिने असतात. लग्नसराईत तर राणी रंगाखेरीज काउंटरवर दुसरे काही दिसत नाही. आखणी करणाऱ्या बाईंनी ही हकीकत वाचली आणि सातवा तुकडा मागितला.

रविवारी मेगाब्लॉक नव्हता, हे या प्रवासाचे मोठेच भाग्य म्हणायचे. ठाण्याहून पनवेलकडे जाणारी ट्रान्सहार्बर गाडी ऐरोली, रबाळे, घणसोली मागे टाकते, डावीकडे पारसिकचे डोंगर दिसतात आणि महिलांच्या डब्यात, दोन मांड्यांवर मिळून एक कापडी पिशवी आहे.

सोसायटीत या दोघी मामेबहिणी म्हणून ओळखल्या जातात. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्यांच्यासारख्यांचे नाते गुन्ह्याच्या व्याख्येतून बाहेर काढले, आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्यांच्या विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला.

बेलापुरातील हा मेळावा म्हणजे मोर्चा नव्हे. भारतातील पहिली प्राइड यात्रा २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात निघाली, तेव्हा तिच्यात जेमतेम पंधरा माणसे होती. मुंबईत आता ढोलताशांसह रस्ता भरतो. इथे एका सभागृहाच्या अंगणात चार टेबले, क्रोशाच्या पिशव्या, कुंडीतली रोपे, कैरीचे लोणचे आणि दोन कॅरम बोर्ड आहेत. ध्वनिक्षेपक आहे, पण तो बहुतेक वेळ हरवलेल्या छत्रीची सूचना देण्यापुरताच वापरला जातो. मला हा बेताचा थाट अधिक आवडला, कारण इथे जोडीने येणाऱ्याला बघणाऱ्यांची गर्दी नाही.

झेंडा उभारायच्या वेळी लक्षात आले की काठी घालायला नेफाच शिवलेला नाही. मग पायरीवर बसून, सुईदोरा मागून घेऊन, एका बाईंनी कापड ताणून धरले आणि दुसरीने हातशिलाईने नेफा घातला. दोरा पांढरा मिळाला.

(इथे निवेदन नाही. झेंडा उलगडतानाचा मूळ आवाज ठेवावा.)

राणी रंगाच्या दीड मीटरमधून पट्टी गेल्यावर जे कापड उरले, त्यात एक ब्लाउज आरामात बसतो. सोमवारी सकाळी तो बेतला गेला. ब्लाउज आखणी करणाऱ्या बाईंसाठी आहे, आणि टेप खुंटीवरच लटकलेली दिसते, कारण मशीनवरील बाईंना ही मापे पाठ आहेत.